चक्रवाढ व्याजाने वाढणारे प्रोटॉन

‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळेत वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार असल्याने मोबाईल बंद ठेवा’, हा निरोप व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. वास्तविक हे किरण रात्रंदिवस आपल्यावर पडत असतात, मोबाईलशी त्यांना काही सोयरसुतक नाही, आणि मुळात ते किरण नसून बहुतांशी प्रोटॉन आहेत. ते अवकाशातून येतात, हे 1912 मध्ये व्हिक्टर हेस यांनी बलूनमधून 5 किमीहून अधिक उंची गाठून दाखवले. त्यांना एवढी ऊर्जा मिळते कोठून, हा खरा प्रश्न आहे.

मुख्य संशय अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे स्फोट होऊन संपणाऱ्या ताऱ्यांच्या, अवशेषांवर आहे. स्फोटात फेकले गेलेले द्रव्य भोवतालच्या विरळ प्लाझ्मात, म्हणजे सुट्या विद्युतभारित कणांच्या वायूत, घुसते आणि त्याच्यापुढे आघात तरंग, म्हणजे द्रव्य एकाएकी दाबत नेणारी लाट, धावतो. हवेत असा तरंग रेणूंच्या टकरींतून बनतो. येथे कणांच्या टकरी जवळजवळ होतच नाहीत, त्यांचे काम विद्युत व चुंबकीय क्षेत्रे करतात.

तीव्र तरंगामागे प्लाझ्माची घनता चौपट होते. त्यामुळे तरंगाच्या कोणत्याही बाजूच्या प्लाझ्माबरोबर राहून पाहिले, तरी पलीकडचा प्लाझ्मा तरंगाच्या वेगाच्या पाऊणपट वेगाने आपल्याकडे येताना दिसतो. चुंबकीय गुंत्यातून इकडून तिकडे टोलवला जाणारा प्रोटॉन म्हणूनच प्रत्येक वेळी पुढे सरसावलेल्या बॅटवर आदळतो. तरंगाचा वेग सेकंदाला 3000 किमी, म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा शंभरावा भाग असेल, तर प्रकाशाच्या जवळपास वेगाने फिरणाऱ्या प्रोटॉनची ऊर्जा फेरीमागे सुमारे 1 टक्का वाढते. मात्र दर फेरीत साधारण 1 टक्का प्रोटॉन मागच्या प्रवाहाबरोबर कायमचे वाहून जातात. चक्रवाढ व्याजाच्या हिशेबाने 70 फेऱ्यांत ऊर्जा दुप्पट होते आणि शर्यतीतले प्रोटॉन निम्मे उरतात. 1977-78 मध्ये अनेक शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडलेला हा हिशेब मला आजही थक्क करतो.

पण व्याजाला आधी भांडवल लागते. मंद प्रोटॉनला तरंग ओलांडून परत येताच येत नाही, मग पहिली ऊर्जा कोण देते? याचे उत्तर कागदावर मिळेना, म्हणून संगणकीय सिम्युलेशन आले. त्यात अवकाशाचे चौकटींचे जाळे आखून चौकटीगणिक क्षेत्रे मोजतात, त्या बलाने कण किंचित हलवतात, हललेल्या कणांवरून पुन्हा क्षेत्रे काढतात, आणि हे लाखो वेळा करतात. त्यातून दिसले की काही प्रोटॉन तरंगावरूनच मागे परावर्तित होतात आणि तेथील विद्युत क्षेत्रातून पहिले भांडवल कमावतात. शिवाय तरंगापुढे पळताना ते स्वतःच चुंबकीय क्षेत्र ढवळून पुढच्या टोलवाटोलवीची सोय करतात.

अशा सिम्युलेशनची रंगीत चित्रे ‘संगणकात घडवलेला अतिनवतारा’ म्हणून छापली जातात, ती मात्र अतिशयोक्ती आहे. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा 1836 पट जड असतो. हे प्रमाण जसेच्या तसे ठेवले तर गणित आवाक्याबाहेर जाते, म्हणून बहुधा इलेक्ट्रॉन मुद्दाम जड धरतात, किंवा त्यांना सुटे कण न मानता एकसंध द्रवासारखे वागवतात. दुसऱ्या पद्धतीत प्रोटॉनांचा हिशेब चांगला लागतो, पण इलेक्ट्रॉनांना भांडवल कोठून मिळते, हे तिला विचारताच येत नाही.