मोजून गळणारी पिशवी

एकदा घरी आणलेल्या स्ट्रॉबेरी प्लॅस्टिकच्या पिशवीला घट्ट गाठ मारून ओट्यावर तशाच राहून गेल्या. सकाळी गाठ सोडली तर आधी वास आला, आणि तो स्ट्रॉबेरीचा नव्हता. दारूच्या बाटलीचं बूच काढावं तसा भपकारा. पिशवी आतून घामेजलेली, तळाशी चमचाभर पाणी साचलेलं. फळं दिसायला चांगली लालबुंद होती, म्हणून एक तोंडात टाकली आणि लगेच थुंकली. बुरशीचा कुठे ठिपकाही नव्हता. फळं रात्रभरात गुदमरली होती.

तोडलेलं फळ जिवंत असतं, हे आपण सहज विसरतो. झाडावरून अन्नपाण्याचा पुरवठा थांबतो, पण पेशींचं काम चालूच राहतं. साठवलेली साखर ऑक्सिजनच्या मदतीने जाळायची, त्यातून ऊर्जा काढायची आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकायची. आता नवी आवक नाही, त्यामुळे फळ शिलकीवर जगतं. जितका श्वास जोरात, तितकी शिलक लवकर संपते. आणि हा जोर तापमानावर ठरतो. किलोभर स्ट्रॉबेरी ० अंश सेल्सिअसला तासाला ६ ते १० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात, २० अंशांना तोच आकडा ५० ते १०० वर जातो. फळ टिकवायचं तर पहिला उपाय थंडावा, हे त्यामुळेच. त्याची जागा दुसरं काहीही घेऊ शकत नाही, पिशवीसुद्धा.

दुसरा उपाय म्हणजे फळाच्या आजूबाजूची हवा बदलणं. फ्रान्समधल्या माँपेलिएच्या बेरार यांनी १८२१ साली दाखवून दिलं, की फळं ऑक्सिजन घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि ऑक्सिजन नसेल तर पिकत नाहीत. पुढे केंब्रिजच्या किड आणि वेस्ट या जोडीने १९२०च्या दशकात सफरचंदांवर याच दिशेने चिकाटीने काम केलं आणि १९२९ साली इंग्लंडमध्ये कँटरबरीजवळ ब्रॅम्ली जातीच्या सफरचंदांसाठी हवा बदललेलं पहिलं व्यापारी कोठार उभं राहिलं. ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त, की फळाचा श्वास मंदावतो. शिवाय फळाला पिकवणारा एथिलीन वायू तयार व्हायलाही ऑक्सिजन लागतो, आणि तयार झालेल्या एथिलीनचं कामही कार्बन डायऑक्साइड अडवतो. एका दगडात दोन पक्षी.

कोठारात यंत्रं असतात, वायू मोजणारी उपकरणं असतात, लक्ष ठेवायला माणूस असतो. अर्ध्या किलोच्या पाकिटाला यातलं काहीच परवडत नाही. तिथे हवा बदलण्याचं काम फळावरच सोपवावं लागतं. ते श्वास घेतच असतं, त्यामुळे बंद पिशवीतला ऑक्सिजन आपोआप कमी होतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो. पिशवी बनवणाऱ्याने फक्त एवढं बघायचं, की ही घसरण योग्य जागी येऊन थांबावी. म्हणजे पिशवी गळकी हवी, पण मोजून गळकी.

'योग्य जागा' कुठली, ते फळागणिक बदलतं. ऑक्सिजन १-२ टक्क्यांच्या खाली गेला, की बहुतेक फळांच्या पेशी ऑक्सिजनवाचूनचा मार्ग धरतात आणि अल्कोहोल व ॲसिटाल्डिहाइड तयार होऊ लागतं. माझ्या पिशवीत झालं ते हेच. सफरचंदाला ऑक्सिजनही थोडा आणि कार्बन डायऑक्साइडही थोडाच, म्हणजे १ ते ३ टक्के, मानवतो. तो फार वाढला तर पुष्कळ जातींचा गर आतून तपकिरी पडतो. स्ट्रॉबेरीचं उलट आहे. तिला १५-२० टक्के कार्बन डायऑक्साइड चालतो, इतकंच नव्हे तर हवाच असतो, कारण तेवढ्या प्रमाणात करड्या बुरशीची वाढ रोखली जाते. तेव्हा सगळ्या फळांना चालेल अशी एकच पिशवी निघणं अवघड.

आता गळतीचा हिशोब. किचकट वाटतो, पण पाकिटामागच्या कागदावर मांडता येईल इतका साधा आहे. समजा किलोभर फळ आहे, तासाला १० मिलिलिटर ऑक्सिजन घेतं. दिवसाचे झाले २४०. आपल्याला आत ५ टक्के ऑक्सिजन हवाय. बाहेर २१ आहे, म्हणजे फरक १६ टक्क्यांचा, आणि हाच फरक ऑक्सिजनला आत ढकलतो. पिशवी साधारण ३० बाय ३३ सेंटिमीटरची, दोन्ही बाजू धरून ०.२ चौरस मीटर. तर दिवसाला २४० मिलिलिटर आत यायचे असतील तर एक चौरस मीटर प्लॅस्टिकमधून, फरक एका पूर्ण वातावरणाचा (म्हणजे १६ ऐवजी १०० टक्क्यांचा) असताना, दिवसाला ७५०० मिलिलिटर ऑक्सिजन पार व्हायला हवा. २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचं मऊ पॉलिथीन, ज्याला एलडीपीई म्हणतात, जातीनुसार ३९०० ते १३००० च्या घरात असतं. म्हणजे जमलं. तितक्याच जाडीच्या पॉलिएस्टरमधून मात्र ५२ ते १३० च. त्यात हे फळ बांधणं म्हणजे त्याचा गळा आवळणं.

एक मिनिट, पण भोक नसलेल्या प्लॅस्टिकमधून वायू जातोच कसा? १८३०च्या सुमारास फिलाडेल्फियातले डॉक्टर जॉन मिचेल यांना हाच प्रश्न पडला होता. हायड्रोजन भरलेले रबरी फुगे छताला टेकायचे आणि काही वेळाने हळूहळू खाली यायचे. भोक तर कुठे दिसत नव्हतं. मग त्यांनी वेगवेगळे वायू रबराच्या पडद्यातून पाठवून पाहिले आणि लक्षात आलं, की कार्बन डायऑक्साइड फार झटपट पार होतो. खुलासा १८६६ साली रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी केला. वायू आधी पडद्यात विरघळतो, मग आतल्या आत वाट काढत सरकतो आणि पलीकडे बाहेर पडतो. पॉलिथीनचे लांबलचक रेणू सतत वळवळत असतात. त्यांच्यात क्षणभर फट पडते, वायूचा रेणू एक उडी घेतो, फट मिटते, दुसरीकडे उघडते. कार्बन डायऑक्साइडचा रेणू आकाराने काही फार चिमुकला नाही, पण तो प्लॅस्टिकमध्ये ऑक्सिजनपेक्षा कितीतरी जास्त विरघळतो. म्हणून पॉलिथीनमधून तो ऑक्सिजनच्या तिपटी-चौपटीने, कधी त्याहून वेगाने निसटतो.

सगळी गोम या पटीत आहे. फळ जितका ऑक्सिजन घेतं, साधारण तितकाच कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो बाहेर पडायची वाट चौपट रुंद असेल, तर आतल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण ऑक्सिजनमधल्या घटीच्या पाव हिश्शावर स्थिरावतं. आपल्या उदाहरणात घट १६, म्हणून कार्बन डायऑक्साइड ४ टक्के. पिशवी लहान केली, मोठी केली, जाड केली, पातळ केली, तरी ही जोडी सुटत नाही. एक आकडा ठरला, की दुसरा त्याच्याबरोबर ठरतोच.

मग स्ट्रॉबेरीला १५-२० टक्के कसे मिळायचे? इथे खरोखरची भोकं कामाला येतात. भोकातून वायू जातो तो हवेतून पसरत, त्यात विरघळण्याची भानगड नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनपेक्षा जरा संथच पसरतो, सुमारे ०.८ पट. तर १६ भागिले ०.८, म्हणजे २० टक्के! त्याच फळाला, ऑक्सिजन तोच ५ टक्के ठेवून, एका पिशवीत ४ टक्के कार्बन डायऑक्साइड मिळतो आणि दुसरीत २०. मधलं प्रमाण हवं असेल तर वायू सोडणारं प्लॅस्टिक घेऊन त्यालाच थोडी भोकं पाडायची. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत देखणी वाटते ती ही गोष्ट.

ही भोकं साधी नसतात. लेझरने पाडलेली, ५० ते २०० मायक्रॉन व्यासाची. डोक्याचा केस ७०-८० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा. पाकीट उजेडाकडे धरून तिरपं केलं तर कधी कधी एका ओळीत बारीक ठिपके दिसतात, ती हीच. आत ५ टक्के ऑक्सिजन असताना १०० मायक्रॉनचं एक भोक ढोबळ हिशोबाने दिवसाला २० मिलिलिटर ऑक्सिजन आत सोडतं. आपल्या किलोभर फळाला डझनभर भोकं पुरली. प्लॅस्टिक अगदी न गळणारं असलं तरी चालेल. एवढ्याशा भोकातून एवढा वायू जातो याचं आश्चर्य वाटत असेल तर पानांकडे बघा. १९०० साली ब्राउन आणि एस्कोम्ब यांनी पानांवरच्या पर्णरंध्रांचा अभ्यास करताना दाखवलं, की पातळ पडद्यातल्या बारीक भोकातून जाणारा वायू भोकाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात नसून व्यासाच्या प्रमाणात असतो. क्षेत्रफळाच्या मानाने बारीक भोक फार कार्यक्षम ठरतं. पानाला हे कोट्यवधी वर्षांपूर्वी सापडलं होतं.

भोकांचा एक तोटा मात्र हास्यास्पद आहे. डझनातल्या चार भोकांवर कुणी लेबल चिकटवलं, तर फळाचा एक तृतीयांश श्वास बंद. पाकिटं एकमेकांवर दाबून रचली तरी तेच. इतका बारीक हिशोब करून शेवटी एका चिकटपट्टीने घात व्हावा!

तापमानाची डोकेदुखी याहून मोठी. आपली पिशवी ५ अंशांसाठी बेतली आहे असं समजू. ती १५ अंशांवर आली. दर १० अंशांना श्वसन दुप्पट-तिप्पट होतं, आपण अडीचपट धरू, म्हणजे २४० चे झाले ६००. पॉलिथीनही गरम झाल्यावर सैलावतं, पण श्वसनाइतकं नाही, आपण १.४ पट धरू. आत ऑक्सिजन पार शून्यावर आला आणि बाहेरचा २१ टक्के पूर्ण जोराने आत ढकलला गेला, तरी दिवसाला ४४० मिलिलिटरच येतात. गरज ६०० ची. ऑक्सिजन विरळ होईल तसा फळाचा श्वासही मंदावतो, तरी दिशा स्पष्ट आहे. पिशवीत लिटरभर मोकळी हवा असेल तर तिच्यातला शिल्लक ५० मिलिलिटर ऑक्सिजन अर्ध्या दिवसाच्या आत जवळजवळ संपतो. भोकांची पिशवी तर याहून वाईट, कारण हवेतल्या पसरण्यावर तापमानाचा परिणाम नगण्यच असतो. थोडक्यात, थंडाव्यात फळाला जपणारी पिशवी उन्हात ठेवलेल्या गाडीत त्याच फळाचा जीव घेते. अशा वेळी उघडी टोपली बरी.

यावर एक डोकेबाज तोड निघाली आहे. काही पॉलिमरच्या, म्हणजे साखळीसारख्या लांब रेणूंच्या, मुख्य साखळीला मेणासारख्या लांब शेपट्या जोडलेल्या असतात. थंडीत या शेपट्या एकमेकींना चिकटून स्फटिक बनतात आणि वायूची वाट अडवतात. ठरावीक तापमानाला मेण वितळावं तशा त्या वितळतात आणि वाट एकदम मोकळी होते. शेपटीची लांबी बदलली, की वितळायचं तापमान बदलतं. असं पॉलिमर सच्छिद्र चकतीवर लेपून ती पाकिटाच्या खिडकीवर बसवतात. ना बॅटरी, ना संवेदक. फळ धापा टाकू लागलं की खिडकी आपणहून उघडते.

मशरूम फळ नव्हे, पण त्यांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. त्यांचा श्वास इतका जोरकस, की घट्ट पाकिटातला ऑक्सिजन ती बघता बघता फस्त करतात. आणि ऑक्सिजन नसलेली उबदार, ओलसर जागा बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूंना हवीच असते. त्यामुळे त्यांच्या पाकिटाला भोकं ठेवणं हा निव्वळ ताजेपणाचा मुद्दा राहत नाही.

पाण्याची गोष्टही वेगळीच. पॉलिथीन वायूंना वाट देतं, पण पाण्याच्या वाफेला फारशी नाही. त्याचा फायदा असा, की फळ सुरकुतत नाही. तोटा असा, की आतली हवा ओलाव्याने काठोकाठ भरलेली असते आणि तापमान अर्धा अंश खाली आलं तरी दव पडतं. दवाचा थेंब म्हणजे बुरशीला आयतं घर. काही पाकिटांना आतून धुकं न धरणारा लेप असतो. तो थेंबांना पसरवून त्यांचा पातळ थर करतो. पाणी कुठेही जात नाही, गिऱ्हाइकाला आतलं फळ स्वच्छ दिसतं इतकंच. खरा उपाय म्हणजे वाफेला जास्त वाट देणारं प्लॅस्टिक. नायलॉनच्या काही जाती तसं करतात. मक्यासारख्या पिकांपासून बनणारं पीएलए नावाचं प्लॅस्टिकसुद्धा वाफ बरीच सोडतं. एरवी पॅकिंगमध्ये हा त्याचा दोष धरला जातो, इथे तोच उपयोगी पडतो.

हे सगळं गणित बंद पाकिटाचं आहे, हे घरी लक्षात राहत नाही. पाकीट फोडून निम्मी फळं खाल्ली, मग तोंड दुमडून चिकटपट्टी लावून परत फ्रिजमध्ये ठेवलं. आता भोकं तेवढीच, श्वास घेणारी फळं निम्मी. ऑक्सिजनची घट १६ वरून ८ वर, म्हणजे आत ऑक्सिजन १३ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड २० ऐवजी १०. तोंडाशी फट राहिली असेल, आणि ती राहतेच, तर त्याहूनही कमी. स्ट्रॉबेरीवरची बुरशी एवढ्याने पुरती रोखली जात नाही. तेव्हा फोडलेलं पाकीट दोन दिवसांत संपवलेलं बरं.