वागणे सारखे, धोका वेगळा

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याची राजधानी अटलांटा. तेथील एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी गेल्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे आठशे पुरुषांचा अभ्यास केला. पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे हे पुरुष होते, निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय आणि बाकीचे श्वेतवर्णीय. पहिल्याच तपासणीत कृष्णवर्णीयांपैकी ४३ टक्के, तर श्वेतवर्णीयांपैकी १३ टक्के एचआयव्हीबाधित आढळले. ज्यांच्या रक्तात विषाणू नव्हता, त्यांची पुढील दोन वर्षे ठरावीक अंतराने तपासणी होत राहिली. त्या काळात दरवर्षी शंभर कृष्णवर्णीयांमागे साडेसहा जणांना नव्याने लागण झाली. श्वेतवर्णीयांत हेच प्रमाण १.७ होते.

असा आकडा ऐकला की पहिला संशय माणसाच्या वागण्यावर जातो. जोडीदार जास्त असतील, निरोध वापरत नसतील, काहीतरी बेफिकिरी असेलच, असे आपण मनातल्या मनात ठरवून मोकळे होतो. साथरोगतज्ज्ञ ग्रेगोरिओ मिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच संशय तपासला. त्यासाठी त्यांनी अनेक वर्षांच्या डझनावारी अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली. धोक्याचे म्हणावे असे वर्तन कृष्णवर्णीय पुरुषांत जास्त नव्हते, काही बाबतींत तर ते कमीच होते. मग कारण जनुकांत असेल, असाही एक युक्तिवाद होतो. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांपैकी साधारण एक टक्का लोकांमध्ये सीसीआर-५ या जनुकाच्या दोन्ही प्रती अशा बदललेल्या असतात, की एचआयव्हीच्या बहुतेक प्रकारांना त्यांच्या पेशींत शिरता येत नाही. पण शंभरातील एकाच्या या कवचाने चौपट दरीचा उलगडा होत नाही.

उलगडा होतो तो साध्या गणिताने. दोन तरुण घेऊ. दोघांचेही वर्षभरात तीन जोडीदार, दोघांच्या सवयी अगदी सारख्या. पहिल्याच्या वर्तुळातील शंभरांपैकी दोघांच्या रक्तात उपचाराविना वाढणारा विषाणू आहे, दुसऱ्याच्या वर्तुळात असे वीस जण आहेत. आकडे केवळ हिशेबासाठी घेतलेले आहेत, पण हिशेब खरा आहे: तीन जोडीदारांपैकी निदान एक जण असा निघण्याची शक्यता पहिल्यासाठी सुमारे ६ टक्के, तर दुसऱ्यासाठी जवळजवळ ४९ टक्के येते. दुसऱ्याने पहिल्यापेक्षा काहीही वेगळे केलेले नाही. माणसे बहुधा आपल्याच वस्तीत, आपल्याच लोकांत जोडीदार शोधतात आणि अमेरिकेत वस्त्या आजही बऱ्याच अंशी वर्णानुसार विभागलेल्या आहेत. त्यामुळे एका वर्तुळात साठलेला विषाणू त्याच वर्तुळात फिरत राहतो.

वरच्या हिशेबातील ‘उपचाराविना’ हा शब्द महत्त्वाचा आहे. २०११ मध्ये जाहीर झालेल्या एचपीटीएन ०५२ या मोठ्या चाचणीत असे दिसले, की बाधित व्यक्तीला लवकर औषधे सुरू केली तर तिच्याकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. पुढच्या अभ्यासांनी याहून स्पष्ट उत्तर दिले. गोळ्या नियमित घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणूभार दर मिलिलिटरला दोनशे प्रतींच्या खाली टिकून राहतो, त्याच्याकडून शरीरसंबंधांतून लागण होत नाही. म्हणजे वर्तुळात बाधित किती, यापेक्षा त्यांतले उपचारावर किती, हा प्रश्न निर्णायक ठरतो. येथे आरोग्यविमा हा साथ रोखण्याचा भाग बनतो. शेजाऱ्याकडे विमा नसल्याची किंमत आपल्या रक्ताला मोजावी लागते.

अटलांटाच्या उत्तरेकडील उपनगरांत मराठी कुटुंबे बरीच आहेत. त्यांतील बहुतेकांचा विमा नोकरीबरोबर आपोआप येतो. त्याच शहराच्या दक्षिण भागात, तासावर मजुरी करणाऱ्या तरुणाची गोष्ट निराळी आहे. गरिबांसाठीची मेडिकेड ही सरकारी योजना विस्तारावी की नाही, हे २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे राज्यांच्या मर्जीवर राहिले आणि दक्षिणेतील अनेक राज्यांनी नकार दिला. जॉर्जियात मुलेबाळे नसलेला धडधाकट प्रौढ कितीही गरीब असला तरी मेडिकेडला पात्र ठरत नसे. २०२३ मध्ये कामाच्या अटीसह एक चिंचोळी वाट तेवढी उघडली. अमेरिकेच्या लोकसंख्येत दक्षिणेचा वाटा सुमारे ३८ टक्के आहे, नव्या लागणींत मात्र जवळजवळ निम्मा.

यातली एक विसंगती मला फार बोचते. लागण झालेल्या गरिबांना मोफत औषधे देणारी रायन व्हाइट योजना १९९० पासून आहे आणि ती चांगले काम करते. परंतु तिच्या पैशातून ‘प्रेप’ची, म्हणजे लागण होऊ नये म्हणून निरोगी माणसाने घ्यायची, गोळी देता येत नाही. विषाणू अंगात शिरल्यावर दार उघडते, त्याआधी नाही. ‘प्रेप’ला २०१२ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा ती घेणारे प्रामुख्याने विमा असलेले श्वेतवर्णीय होते. पुढे स्वस्त जेनेरिक गोळ्या आल्या, त्यांत भारतीय कंपन्यांचाही मोठा वाटा होता, आणि महिन्याला दोन हजार डॉलरच्या घरातील खर्च शंभर डॉलरच्याही खाली आला. तरीही गोळी चालू ठेवण्यासाठी दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी, अधूनमधून मूत्रपिंडाची तपासणी आणि डॉक्टरची भेट लागते. त्यासाठी दोन बस बदलून जायचे आणि त्या दिवसाची मजुरी बुडवायची, हा खर्च औषधाच्या चिठ्ठीवर दिसत नाही.

स्त्रियांकडे तर लक्षच उशिरा गेले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने मांडलेल्या अंदाजानुसार, तेव्हाचेच प्रमाण कायम राहिले असते तर ४८ कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी एकीला आयुष्यात कधीतरी एचआयव्हीची लागण झाली असती. श्वेतवर्णीय स्त्रियांत ८८० पैकी एकीला. असे असूनही २०१९ मध्ये ‘प्रेप’ची दुसरी गोळी बाजारात आली, तेव्हा तिच्या मुख्य चाचणीत जन्माने स्त्री असलेल्या कोणाचाच समावेश नव्हता आणि त्यामुळे ती त्यांच्यासाठी मंजूरही झाली नाही.

कृष्णवर्णीयांचा डॉक्टरांवर विश्वास नाही, असे कारण नेहमी पुढे केले जाते आणि त्याला टस्कीगीचा आधार असतो. अलाबामातील हे गाव अटलांटापासून मोटारीने दोनेक तासांवर आहे. १९३२ ते १९७२ या काळात तेथे सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी डॉक्टरांनी केवळ निरीक्षणाखाली ठेवले आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिले नाही. ही जखम खरी आहे. पण सगळा दोष त्या जुन्या अविश्वासावर टाकणे मला सोयीचे वाटते, कारण मग आज दवाखाना जवळ का नाही, हा प्रश्न टळतो. अटलांटाच्या अभ्यासात वंशामुळे दिसणाऱ्या दरीचा मोठा भाग दोन गोष्टींनी स्पष्ट झाला: जोडीदार कोणत्या वर्तुळातला आणि खिशात विमा आहे की नाही.

जून २०२५ मध्ये अमेरिकेने लेनाकॅपाविर या इंजेक्शनला ‘प्रेप’ म्हणून मान्यता दिली. ते वर्षातून दोनदा घ्यायचे असते. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील चाचणीत ते घेतलेल्या दोन हजारांहून अधिक तरुण स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. रोजच्या गोळीची आठवण, उशाशी दिसणारी बाटली, दर तिमाहीची औषधखरेदी, हे सारे त्यात टळते. हैदराबादच्या दोन कंपन्या हे औषध २०२७ पासून माणशी वर्षाला ४० डॉलरमध्ये पुरवणार आहेत, मात्र परवान्यातील १२० देशांपुरतेच. त्या यादीत अमेरिका नाही. जॉर्जियात त्याच दोन इंजेक्शनांची छापील किंमत वर्षाला २८ हजार डॉलरांहून अधिक आहे.