७६९७८: बुडबुड्यांच्या सोनोग्राफीला कोड मिळेपर्यंत

अमेरिकेच्या विम्याच्या क्लेमवर ७६९७८ हा कोड दिसला की कोडरला, म्हणजे रिपोर्ट वाचून बिलाचे कोड लावणाऱ्याला, लगेच कळतं: पेशंटच्या शिरेत सूक्ष्म बुडबुड्यांचं कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारं औषध) देऊन, हृदय सोडून दुसऱ्या अवयवातल्या गाठीची सोनोग्राफी झाली आहे. हा कोड १ जानेवारी २०१९ला लागू झाला. पुण्यात किंवा ऐरोलीत बसून अमेरिकेचे क्लेम कोड करणाऱ्या आजच्या मुलामुलींना तो तयारच मिळाला. त्याआधी काय लावायचे, हे जुन्या मंडळींना विचारावं लागतं.

तपासणीची सुरुवात हृदयापासून झाली. १९६८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये रेमंड ग्रामियाक आणि प्रवीण शहा या डॉक्टरांनी महाधमनीच्या मुळाशी इंजेक्शन दिल्यावर इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ढगासारखं काहीतरी उमटतं, हे नोंदवलं. तो ढग द्रवासोबत गेलेल्या हवेच्या बारीक बुडबुड्यांचा होता. साधे बुडबुडे फार टिकत नाहीत, शिरेतून दिले तर फुप्फुसापलीकडे पोचतही नाहीत. त्यांना कवच घालून टिकाऊ करण्यात पुढची पंचवीसेक वर्षं गेली. अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीएने अशा कॉन्ट्रास्टपैकी अल्ब्युनेक्सला १९९४मध्ये, ऑप्टिसनला १९९७मध्ये आणि डेफिनिटीला २००१मध्ये मान्यता दिली, आणि तिन्हींची मान्यता हृदयाच्या इकोपुरती होती.

बिलिंगचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो. ७६९७८सारखे तपासण्यांचे कोड सीपीटी या यादीत असतात आणि ते अमेरिकन मेडिकल असोसिएशन ठरवते. तिच्या नियमानुसार पक्का, म्हणजे पहिल्या वर्गातला कोड हवा असेल, तर त्या तपासणीला लागणाऱ्या औषधाला एफडीएची मान्यता पाहिजे. हृदयासाठी ती होती. शिवाय कॉन्ट्रास्ट असलेल्या आणि नसलेल्या तपासण्यांचे गट वेगळे ठेवा, असं मेडिकेअरचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याचा, कायदाच सांगतो. म्हणून २००८मध्ये कॉन्ट्रास्टचे पैसे तपासणीच्याच रकमेत धरायचं ठरलं, तेव्हा हॉस्पिटलच्या ओपीडीतल्या कॉन्ट्रास्ट इकोसाठी सी८९२१पासूनची वेगळी मालिका निघाली.

यकृताला तेव्हा असं काही मिळालं नाही. युरोपात २००१पासून सोनोव्ह्यू नावाचं बुडबुड्यांचं कॉन्ट्रास्ट उपलब्ध होतं आणि तिथले डॉक्टर यकृतातल्या गाठी त्याने तपासत होते. अमेरिकेत कोणी हीच तपासणी केली, तर लेबलबाहेरचा, म्हणजे मान्यता नसलेल्या कामासाठी औषधाचा वापर म्हणून करायची आणि ७६९९९ लावायचा. ७६९९९ म्हणजे ‘अनलिस्टेड’, कुठल्याच खणात न बसणारी सोनोग्राफी. या कोडला ठरलेला दर नसतो. सोबत रिपोर्ट जोडा, काय केलं ते समजावून सांगा, मग क्लेम वाचणारा देईल तेवढे पैसे घ्या. काही जण साध्या पोटाच्या सोनोग्राफीचा कोड लावून मोकळे व्हायचे. त्यात भर म्हणून ऑक्टोबर २००७मध्ये एफडीएने या औषधांवर काळ्या चौकटीतला, म्हणजे सगळ्यात कडक, इशारा छापायला लावला. हृदयरोगतज्ज्ञांनी आरडाओरडा केल्यावर २००८मध्ये तो सौम्य झाला, पण धास्ती उरलीच.

सोनोव्ह्यूच अमेरिकेत २०१४ साली लुमासन या नावाने आलं, तेही आधी हृदयासाठीच. ३१ मार्च २०१६ला त्याला मोठ्यांच्या आणि मुलांच्या यकृतातल्या गाठींसाठी मान्यता मिळाली आणि खरी अडचण संपली. औषधाचे पैसे मागण्याचा वेगळा कोड, क्यू९९५०, तोवर आलेला होता. तपासणीच्या पक्क्या कोडला मात्र आणखी पावणेतीन वर्षं लागली.

कोडचं वर्णन शब्द न् शब्द वाचण्यासारखं आहे. ७६९७८ अवयवाला नव्हे, पहिल्या गाठीला लागतो. दुसऱ्या गाठीसाठी ७६९७९, पण तिच्यासाठी वेगळं इंजेक्शन दिलं असेल तरच. हा मला सगळ्यात शहाणपणाचा भाग वाटतो, कारण तो तपासणीच्या स्वभावातून आला आहे. बुडबुडे रक्तवाहिन्यांतून बाहेर पडत नाहीत आणि काही मिनिटांत विरतात. धमनीतून येणारा पहिला लोंढा तर काही सेकंदांचा, आणि गाठ कसली आहे हे ओळखण्यात त्याचा वाटा मोठा. प्रोब एका गाठीवर धरलेला असताना यकृताच्या दुसऱ्या टोकाच्या गाठीचा तो क्षण निसटतो. मग बुडबुडे विरू द्यायचे आणि पुन्हा इंजेक्शन द्यायचं. रिपोर्टमध्ये ‘दोन गाठी पाहिल्या’ एवढंच असेल, दुसऱ्या इंजेक्शनचा उल्लेख नसेल, तर ७६९७९ लावता येत नाही. डॉक्टरांनी ते दिलं असणार, हे आपल्याला कितीही पटलं तरी.

दुसरी चूक युनिटची. क्यू९९५० हा मिलिलिटरला आहे, व्हायलला नाही. लुमासनची व्हायल तयार केल्यावर ५ मिलि होते आणि यकृतासाठी मोठ्या माणसाचा एक डोस २.४ मिलिचा. खासगी क्लिनिकमध्ये दोन गाठी, दोन इंजेक्शनं झाली तर ४.८ मिलि, म्हणजे वरच्या पूर्णांकात ५ युनिट. नवा कोडर ‘एक व्हायल, एक युनिट’ लिहितो. क्लेम डिनाय होत नाही, म्हणजे नाकारला जात नाही, मुकाट पास होतो, आणि चार मिलिचे पैसे क्लिनिकच्या खिशातून जातात.