जठराचे अस्तर आणि औषधे

जठराच्या आतील श्लेष्मकलेवर (बुळबुळीत अस्तरावर) औषधांचे होणारे अपायकारक व संरक्षक परिणाम. जठररसाचे पीएच मूल्य (आम्लतेचे माप; ७ म्हणजे उदासीन, त्याहून कमी म्हणजे आम्ल) साधारणतः १ ते २ असते. श्लेष्म्याचा थर व त्यात झिरपणारे, आम्ल शमवणारे बायकार्बोनेट यांमुळे पेशींच्या पृष्ठाशी मात्र ते ७ च्या जवळपास टिकते. हा स्राव आणि अस्तराचा रक्तपुरवठा यांचे नियमन बव्हंशी प्रोस्टाग्लँडिने (पेशींत तयार होणारी संप्रेरकासारखी द्रव्ये) करतात.

वेदनाशामकांनी इजा नेमकी कशी होते, याविषयी मतभेद आहेत. ॲस्पिरिन १८९९ मध्ये बाजारात आले. त्याने जठरात येणारी लाली व रक्तस्राव डाउथवेट आणि लिंटॉट यांनी १९३८ मध्ये जठरदर्शकातून पाहून नोंदवले. एका मतानुसार ही इजा संपर्कजन्य होय. आम्लात ॲस्पिरिनचा रेणू विद्युत्‌भाररहित राहतो, म्हणून पेशीच्या स्निग्ध पटलातून सहज आत शिरतो. आतील उदासीन वातावरणात त्यावर भार येतो व तो तिथेच अडकून साठत जातो. असे अस्तर आम्लाला अडवू शकत नाही, हे १९६० च्या दशकात डॅव्हनपोर्ट यांच्या प्रयोगांतून पुढे आले. दुसरे मत जॉन व्हेन यांच्या १९७१ मधील संशोधनावर आधारलेले आहे : ही औषधे प्रोस्टाग्लँडिनांची निर्मितीच रोखतात. हेच मत अधिक ग्राह्य दिसते, कारण शिरेतून वा गुदमार्गे दिलेल्या औषधानेही व्रण होतात आणि आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळीनेही रक्तस्रावाचा धोका टळत नाही. तथापि जठरात प्रोस्टाग्लँडिने तयार करणारे कॉक्स-१ हे एंझाइम जन्मतः नसलेल्या उंदरांना आपोआप व्रण होत नाहीत, असे १९९५ मध्ये आढळले. त्यामुळे पहिले मत पूर्णतः बाद ठरत नाही.

‘पेनकिलर अनशापोटी नको’ हा दंडक बडोद्यात दांडिया बाजार-रावपुरा भागातील मराठी घरांतही पाळला जातो. त्याने मळमळ व जळजळ कमी होते. व्रण टळेलच असे नाही. गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने गोळी घेणाऱ्या वृद्धांना हे आवर्जून सांगावयास हवे. त्यांच्यात व्रण पुष्कळदा न दुखता वाढतो आणि डांबरासारखी काळी शौचास होणे हेच पहिले लक्षण ठरते. सोबत रक्त पातळ करणारे औषध किंवा स्टेरॉइड चालू असल्यास धोका वाढतो.

संरक्षक औषधांत आम्ल घटवणारी (सिमेटिडीन, १९७६, ओमेप्राझोल, १९८८), व्रणावर चिकटून बसणारे सुक्राल्फेट आणि प्रोस्टाग्लँडिनाची उणीव भरून काढणारे मिसोप्रोस्टोल (गर्भारपणात वर्ज्य) ही प्रमुख होत. जठरात राहून व्रण घडवणारे हेलिकोबॅक्टर जंतू असल्यास प्रतिजैविकेही द्यावी लागतात.

बडोदे हे औषधनिर्मितीचे जुने केंद्र आहे (अलेम्बिक, १९०७). तरी पित्तावर पहिला उपाय म्हणून ज्येष्ठमधाची कांडी चघळण्याची रीत अनेक मराठी घरांत आहे. तिला आधार नाही असे नव्हे. डच डॉक्टर रेव्हर्स यांनी १९४६ मध्ये जठरव्रणावर ज्येष्ठमधाचा गुण नोंदवला. पुढे त्यातील ग्लिसिऱ्हेटिनिक आम्लापासून कार्बेनोक्सोलोन हे औषध तयार झाले; ते श्लेष्मा वाढवून व्रण भरून आणते. सिमेटिडीन आल्यावर मात्र ते मागे पडले. कार्बेनोक्सोलोन काय किंवा रोज भरपूर खाल्लेले ज्येष्ठमध काय, दोहोंमुळे शरीरात सोडियम साठते, पोटॅशियम घटते व रक्तदाब चढतो. म्हणून रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी ज्येष्ठमध नित्य घेऊ नये.