बर्फ नवा होतो, गुडघा होत नाही

एप्रिल लागला आणि ग्वाल्हेरचा पारा चाळिशीला टेकला की मी बाजारातून बर्फाची अर्धी लादी मागवत असे. वर्गात दोन स्टुलांवर ती आडवी ठेवायची, तिच्यावरून बारीक तार टाकायची आणि तारेच्या दोन्ही टोकांना विटा बांधायच्या. अर्ध्या-पाऊण तासात तार लादीतून आरपार खाली येते आणि लादी मात्र अखंडच राहते. मुली बोट लावून लावून कापल्याची खूण शोधत. दाबामुळे तारेखालचा बर्फ वितळतो आणि तार पुढे सरकली की ते पाणी पुन्हा गोठतं, असं मी समजावायचे. त्याच दमात सांगायचे की बर्फावर स्केट्स, म्हणजे तळाला पोलादी पातं असलेले बूट, घसरतात तेही याच कारणानं.

हे दुसरं वाक्य चुकीचं होतं, हे निवृत्तीनंतर कळलं, तेही माझ्या भाचीमुळे. ती ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या टर्फवर हॉकी खेळते. गेल्या हिवाळ्यात चिटणिसांची गोठ या वस्तीतल्या आमच्या घरी आली होती. फोनवर कॅनडातला आइस हॉकीचा सामना लावून म्हणाली, "मावशी, ही एवढी दणकट माणसं मिनिटभरात दमून बाकावर कशी बसतात गं? आम्ही तर पंधरा-पंधरा मिनिटं पळतो."

मी वही घेऊन बसले. सत्तर किलोचा खेळाडू एका पायावर तोललेला, पात्याचा साधारण तीन चौरस सेंटिमीटर भाग बर्फाला टेकलेला. दाब येतो वातावरणाच्या तेवीसपट. एका वातावरणाएवढा दाब वाढला तर बर्फाचा द्रवणांक जेमतेम ०.००७४ अंशानं उतरतो, म्हणजे तेवीसपटीला सुमारे ०.१७ अंश. वर्गातली लादी शून्यालाच टेकलेली होती, तिला इतकंही पुरतं. आइस हॉकीच्या रिंकचा, म्हणजे खेळाच्या मैदानाचा, बर्फ मात्र उणे पाच ते उणे नऊ अंशांवर ठेवतात. तिथे हा दाब काहीच वितळवू शकत नाही.

मग घसरतं कशानं? बर्फाच्या आत पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना धरून बसलेला असतो. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरच्या बाजूला शेजारीच नसतो, त्यामुळे त्यांची बांधणी सैल राहते आणि शून्याखालीही तिथे काही रेणूंएवढा पातळ, चंचल थर टिकतो. मायकेल फॅरेडेनं १८५० साली हा अंदाज मांडला होता. त्यात पातं सरकताना घर्षणाची उष्णता मिळते आणि आणखी थोडं पाणी सुटतं. १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी या उष्णतेचा वाटा प्रयोगांतून दाखवून दिला. या दोन्हींमुळे पोलादी पात्याला बर्फावर जे घर्षण लागतं, ते बुटाला सडकेवर लागणाऱ्या घर्षणाच्या शंभराव्या भागाच्या आसपास येतं.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं. टर्फवर आपण जमीन मागे ढकलतो आणि पुढे जातो. बर्फावर मागे ढकलायला गेलं तर पातंच घसरतं. म्हणून खेळाडू पाय तिरका करून पात्याची धार रोवतो आणि बाजूला रेटतो. मांड्या अर्धवट दुमडलेल्या, पाठ वाकलेली, प्रत्येक रेट्यात शरीरातले सर्वांत मोठे स्नायू लागलेले. पहिल्या दहाएक सेकंदांची ऊर्जा स्नायूंत साठलेल्या क्रिएटिन फॉस्फेटमधून येते. ते सरत आलं की ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, ऑक्सिजनच्या टंचाईतच मोडावं लागतं, स्नायूंत आम्लता वाढते आणि मांड्या पेटल्यासारख्या होतात. साधारण पंचेचाळीस सेकंदांनी वेग पडायला लागतो, आणि वेग पडलेला खेळाडू संघाला परवडत नाही. तो बाकावर येतो, दोन-तीन मिनिटांत फॉस्फेट बरंचसं भरून निघतं, की पुन्हा उडी. बर्फावरच्या अशा एका फेरीला शिफ्ट म्हणतात. साठ मिनिटांच्या सामन्यात आघाडीच्या फळीतला खेळाडू पंधरा ते वीस मिनिटंच बर्फावर असतो. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये प्रत्येक संघ एका हंगामात असे ऐंशीहून अधिक सामने खेळतो.

बाजूला फेकलेला पाय प्रत्येक वेळी आत ओढून आणावा लागतो. ते काम मांडीच्या आतल्या स्नायूंचं, आणि जांघेत ताण भरणं हे या खेळातलं नेहमीचं दुखणं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की ज्या व्यावसायिक खेळाडूंच्या आतल्या स्नायूंची ताकद बाहेरच्या स्नायूंच्या ८० टक्क्यांहून कमी होती, त्यांना ही दुखापत होण्याचा धोका सतरापट होता. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो, कारण हंगाम सुरू होण्याआधीच ताकद मोजता येते आणि वाढवताही येते.

दर वीस मिनिटांच्या सत्रानंतर रिंकवर एक मोठं यंत्र फिरतं. फ्रँक झांबोनी यांनी ते १९४९ मध्ये तयार केलं. ते ओरखडलेला थर तासून काढतं आणि मागे गरम पाणी पसरतं. गरम पाणी चऱ्यांतला बर्फ किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं, त्यात विरघळलेली हवाही कमी असते, म्हणून नवा थर घट्ट आणि काचेसारखा बसतो. पुढचं सत्र कोऱ्या बर्फावर सुरू होतं.

त्या बर्फावर उभ्या असलेल्या माणसाच्या गुडघ्यातही एक निसरडा पृष्ठभाग असतो. सांध्यातली कूर्चा बर्फाइतकी, कधी त्याहूनही अधिक गुळगुळीत असते. पण तिला रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे तिच्यावर पडलेला चरा भरून निघत नाही. बॉबी ऑर हा १९६६ साली अठराव्या वर्षी बोस्टन ब्रुइन्स या संघाकडून खेळायला लागला. बचावफळीतल्या खेळाडूनं मुसंडी मारून गोल करायचे, हे त्यानं रूढ केलं. त्याच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. त्या काळी गुडघ्याच्या हाडांमधली फाटलेली गादी दुरुस्त करण्याऐवजी बहुधा काढूनच टाकत. गादी गेली की तोच भार लहानशा जागेवर येतो आणि कूर्चा आणखी झिजते. १९७८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याला थांबावं लागलं. गॉर्डी होव मात्र १९४६ पासून, मधली दोन वर्षं सोडली तर, खेळत राहिला आणि १९८० साली निवृत्त झाला तेव्हा ५२ वर्षांचा होता. एकाच खेळाची ही दोन आयुष्यं शेजारी ठेवली की ऑरसाठी जीव हळहळतो.

घर्षण कमी म्हणजे वेग जास्त, आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ऊर्जा वाढते. नव्वद किलोचा खेळाडू ताशी ३२ किलोमीटरनं येत असेल, तर त्याच्यात सुमारे ३,६०० ज्यूल असतात. पन्नास किलो गव्हाचं पोतं सात मीटर उंचीवरून पडावं, इतका तो दणका. हेल्मेट कवटी फुटू देत नाही. पण मेंदू आत द्रवात तरंगतो. डोकं गर्रकन फिरलं की तो मागे राहतो आणि त्याचे तंतू ताणले जातात. सिडनी क्रॉस्बीला जानेवारी २०११ मध्ये चार दिवसांच्या अंतरानं डोक्याला दोन मार बसले, आणि जगातल्या पहिल्या फळीतला हा खेळाडू दहा महिने मैदानाबाहेर राहिला. २००९ मध्ये बोस्टन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना रेजी फ्लेमिंग या दिवंगत खेळाडूच्या मेंदूत वारंवार मार बसल्यानं होणाऱ्या ऱ्हासाच्या खुणा सापडल्या. हॉकीपटूमध्ये असं निदान होण्याची ती पहिली वेळ. मार लागलेल्या खेळाडूला त्याच सामन्यात परत उतरवू नये, यावर माझ्या मते वादाला जागाच नाही.

भाचीनं तिचा चेंडू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला: १५८ ग्रॅम. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, क्रिकेटचाही तेवढाच, आणि आइस हॉकीत चेंडूऐवजी असणारी रबरी चकती, म्हणजे पक, १५६ ते १७० ग्रॅमची. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्ध दहा गोल मारणारे कॅप्टन रूपसिंग आयुष्यभर एवढंच वजन टोलवत राहिले. त्यांच्या नावाच्या स्टेडियमवरून आम्ही रोज जातो. तेच वजन बर्फावर आणलं, तर आइस हॉकीपटू झ्डेनो चारा यानं २०१२ मध्ये मारलेला फटका ताशी १७५ किलोमीटरवर गेला. फटका मारताना स्टिक पकच्या किंचित आधी बर्फावर आपटते, धनुष्यासारखी वाकते आणि साठलेली ऊर्जा पकला देते. उसळू नये म्हणून पक आधी गोठवून ठेवतात.

"आपल्याकडे खेळतं का कुणी?" तिनं विचारलं. लडाखच्या मुली खेळतात. थंडीत तळी गोठली की काही आठवडे नैसर्गिक बर्फ मिळतो, तेवढ्यात सराव उरकायचा. तरी जून २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनच्या आशिया चषकात भारतीय महिलांनी कांस्यपदक आणलं. मी तिला त्यांचे फोटो दाखवले. ती बराच वेळ त्यांच्या वाकलेल्या गुडघ्यांकडे बघत होती.

आता ती आली की रात्री गच्चीवर सतरंजीवर आडवी होते, दोन गुडघ्यांमध्ये उशी धरते, पाच आकडे मोजेपर्यंत दाबते आणि सोडते. आकडे मोजायला मला बसवते.