सुटे कडे आणि अर्धा मिलिमीटर

‘अमेरिकेने अंतराळात लिहिण्यासाठी कोट्यवधी डॉलर खर्चून पेन बनवले, रशियनांनी मात्र साधी पेन्सिल वापरली’ हा मजकूर दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतोच, आणि पाठवणारा बहुधा चांगला शिकलेला असतो. वस्तुस्थिती अशी की, सुरुवातीला अमेरिकन अंतराळवीरही पेन्सिलच वापरत होते. १९६५ मध्ये नासाने जेमिनी मोहिमांसाठी ह्यूस्टनच्या एका कंपनीकडून ३४ यांत्रिक पेन्सिली ४,३८२.५० डॉलरना घेतल्या, म्हणजे एकेक पेन्सिल सुमारे १२९ डॉलरना पडली, आणि त्यावरून तेथे बरीच ओरडही झाली. पेन विकसित करण्याचा खर्च पॉल फिशर या उत्पादकाने स्वतः सोसला होता आणि ते पेन पुढे सोव्हिएत संघानेही विकत घेतले. मला मात्र या हकिकतीतला एक दुर्लक्षित तपशील अधिक मोलाचा वाटतो. त्या महागड्या पेन्सिलींच्या आतली यंत्रणा बाजारात मिळणारी साधीच होती. पैसा गेला तो अंतराळयानात टिकेल अशा बाहेरच्या आवरणावर.

म्हणजे आवरण एकाचे आणि यंत्रणा दुसऱ्याची, तरीही पेन्सिल चालते. हे कसे साधते ते कळण्यासाठी आधी यंत्रणा उघडून पाहावी लागते. आपली मुले जिला पेन-पेन्सिल किंवा क्लच पेन्सिल म्हणतात, ती कोणतीही घ्यावी. (तिच्यातल्या कांडीला आपण सवयीने शिसे म्हणतो, पण त्यात शिसे हा धातू नसून ग्राफाइट असते.) टोकाचा शंकू फिरवून काढला की तीन भागांत चिरलेली, पुढे थोडी फुगीर अशी एक पितळी नळी दिसते. हे तिचे तीन जबडे. त्यांच्याभोवती एक छोटे कडे असते, मागे स्प्रिंग असते, आणि शंकूच्या आत, अगदी टोकाशी, रबराची एक बारीक चकती कांडीला हलकेच धरून असते. ते कडे कशालाही जोडलेले नसते. पेन्सिल उघडताना ते घरंगळून हरवते आणि मग पेन्सिल निकामी होते. सगळी गंमत त्या सुट्या कड्यात आहे.

बटण दाबल्यावर स्प्रिंग कांडीला पुढे ढकलते, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ढकलतो तो आपला अंगठा, आणि स्प्रिंगचे काम जबडे मागे ओढण्याचे आहे. बटण दाबले की जबडे, त्यांना आवळून बसलेले कडे आणि जबड्यांत पकडलेली कांडी असा सगळा लवाजमा एकत्र पुढे सरकतो. सुमारे अर्धा मिलिमीटर गेल्यावर कडे शंकूच्या आतल्या पायरीवर आपटून थांबते. अंगठ्याचा दाब चालूच असल्याने जबडे कड्यातून बाहेर निसटतात आणि आवळणारे कोणी न उरल्यामुळे फाकतात. आता कांडी केवळ रबरी चकतीच्या भरवशावर जागच्या जागी असते. बटण सोडल्यावर स्प्रिंग उघड्या जबड्यांना मागे खेचते आणि जबड्यांचा फुगीर भाग सैल कड्यालाही आपल्याबरोबर मागे नेतो. कडे मागच्या अडसराला टेकून थांबले की मगच जबडे त्यात ओढले जातात आणि कांडीला नव्या जागी, आधीपेक्षा अर्धा मिलिमीटर मागे, धरतात. कड्याचे पुढचे आणि मागचे थांबे यांतले अंतर म्हणजेच एका टिचकीला बाहेर येणारी कांडी.

आता खरा प्रश्न. लिहिताना आपण कांडीवर बराच जोर देतो. ती मागे का सरकत नाही? स्प्रिंग तर इतकी नाजूक असते की करंगळीनेही दबते. याचे उत्तर पाचरीत आहे. कांडी मागे रेटली गेली की ती जबड्यांनाही मागे ओढते, जबड्यांचा बाहेरचा उतार कड्यात अधिक रुततो आणि पकड घट्ट होते. जितका जोर जास्त, तितकी पकड पक्की. लेथवर काम करणाऱ्याला कॉलेटच्या, म्हणजे दांडा आवळून धरणाऱ्या चिरलेल्या नळीच्या, रूपाने हे तत्त्व रोज भेटते.

मात्र त्याला एक अट आहे, आणि त्रिकोणमितीचा कंटाळा असणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. जबड्याच्या उताराचा कोन α आणि जबडा व कडे यांच्यातला घर्षणकोन (ज्याचा tan म्हणजे घर्षणांक) φ मानला, तर कांडी न घसरण्यासाठी जबडा व कांडी यांच्यातला घर्षणांक tan(α+φ) पेक्षा जास्त असावा लागतो. उतार ५ अंशांचा आणि कड्याशी घर्षणांक ०.१५, म्हणजे φ सुमारे ८.५ अंश धरला, तर tan १३.५° म्हणजे ०.२४ येते. गुळगुळीत धातूवर ग्राफाइटचा घर्षणांक याहून कमी भरतो, कारण ग्राफाइट हे मुळात वंगणच आहे. म्हणून जबड्यांना आतून बारीक दाते पाडतात आणि बाहेरून ते गुळगुळीत ठेवतात. आत खरखरीत, बाहेर गुळगुळीत. हे उलटे झाले तर पाचर रुतण्याआधीच कांडी निसटेल.

आता अदलाबदलीकडे वळू. कांड्यांच्या जाडीला आंतरराष्ट्रीय प्रमाणमान आहे, त्यामुळे एका कंपनीची कांडी दुसऱ्या कंपनीच्या पेन्सिलीत चालते, ‘०.५’ नावाची कांडी प्रत्यक्षात सुमारे ०.५६ मिलिमीटर जाड असते, हा भाग निराळा. यंत्रणा मात्र कंपनीगणिक बदलते, आणि ०.५ ऐवजी ०.७ वापरायचे तर जबडे, रबरी चकती आणि टोकाची नळी असे तिन्ही बदलावे लागतात. म्हणून या सगळ्याचा एकच संच करून तो आवरणात बसवणे सोयीचे ठरते. जर्मनीतली श्मिट कंपनी असे तयार संच विकते आणि हाताने लाकडी पेन्सिली घडवणारे कारागीर ते आपल्या नळ्यांमध्ये बसवतात.

अशा संचाची रचना करताना माझ्या मते एकच निर्णय कळीचा असतो: कड्याचे दोन्ही थांबे कोणाच्या मालकीचे? पुढचा थांबा आवरणाच्या शंकूत आणि मागचा संचात ठेवला, तर दोन वेगळ्या कारखान्यांतल्या मापांच्या चुका त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये एकत्र येतात. हे घरी पडताळता येते. पुढचा थांबा स्क्रूच्या शंकूत असलेल्या पेन्सिलीचा शंकू अर्धा आटा सैल करून टिचकी मारावी. आट्यांमधले अंतर ०.५ मिलिमीटर असेल, तर प्रत्येक टिचकीला कांडी पाव मिलिमीटर जास्त बाहेर येते. दोन्ही थांबे संचाच्या आतच असतील, तर तो कोणत्याही आवरणात गेला तरी टिचकी तीच राहते.

जपानी बहुरंगी पेनांत शाईच्या रिफिलशेजारी पेन्सिलीचा संच बसवतात, तेथे मामला अधिक अवघड होतो. एकाच खटक्याने आधी संच बाहेर आणून अडकवायचा आणि मग तोच खटका आणखी थोडा दाबून कांडी पुढे सरकवायची, अशा दोन चाली तेथे लागतात. त्यासाठी बाहेर आलेल्या संचाला आवरणाच्या तोंडाशी भक्कम टेकू द्यावा लागतो, नाहीतर दुसऱ्या चालीत कड्याऐवजी अख्खा संचच पुढे जातो. शिवाय हे सारे रिफिलएवढ्या बारीक नळीत कोंबायचे असल्याने तीत कांड्याही मोजक्याच मावतात, आणि जबड्यांच्या पुढे उरलेला शेवटचा तुकडा मागून येणाऱ्या नव्या कांडीने ढकलल्याशिवाय बाहेर येत नाही.