लांबच्या क्रूझसाठी सूट (जहाजावरची मोठी, ऐसपैस खोली) घेताना: आमच्या बडोदेकर ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रावपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात क्रूझची चौकशी करायला येणारी मंडळी पूर्वी चार-पाच रात्रींची सहल विचारत. आता निवृत्त झालेली जोडपी येतात आणि सरळ महिना-दोन महिन्यांची, कधी अख्ख्या जगप्रदक्षिणेची माहिती मागतात. मुले परदेशी स्थिरावलेली, जबाबदाऱ्या उरकलेल्या, आणि "एकदाच जायचं, पण नीट जायचं" हा विचार पक्का. समुद्रप्रवासाचे बडोद्याला वावडे नाहीच. समुद्र ओलांडणे निषिद्ध मानण्याच्या काळात, १८८७ साली, सयाजीराव महाराज युरोपला निघाले ते मुंबईहून बोटीनेच. हे पत्रक अशा लांब सफरीसाठी आणि तीही सूट घेऊन करणाऱ्यांसाठी आहे.

आमचे मत आधीच सांगतो. आठवड्याच्या क्रूझला सूट घेऊ नका, असे आम्ही बहुतेकांना सांगतो, कारण तेव्हा खोलीत माणूस झोपण्यापुरताच येतो. साठ, नव्वद, एकशेवीस दिवसांच्या सफरीत मात्र तीच खोली तुमचे घर असते. आजारपण तिथे, दुपारची झोप तिथे, रुसवेफुगवे तिथे. त्यामुळे लांबच्या सफरीत सूटवर केलेला खर्च आम्हाला उधळपट्टी वाटत नाही. फक्त पैसे सूटच्या नावाला मोजू नका, जागेला मोजा.

सूट म्हणजे नेमके काय

बाल्कनीची साधी केबिन साधारण पावणेदोनशे ते दोनशे चौरस फुटांची असते. सूट तीनशेच्या आसपास सुरू होतो आणि मोठ्या जहाजांवर हजार चौरस फुटांच्याही पुढे जातो. पण आकड्यात बाल्कनी धरली आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय दोन जहाजांची तुलना करू नका.

'ज्युनियर सूट', 'मिनी सूट' ही नावे ऐकून अनेकांची समजूत चुकते. पुष्कळ जहाजांवर ही एकच मोठी खोली असते, मध्ये भिंत नसते, फक्त सोफा वाढवलेला असतो. शिवाय सूटवाल्यांचे वेगळे जेवणघर, बटलर (सूटसाठी नेमलेला सेवक), खासगी लाउंज या सोयी त्या श्रेणीला मिळतीलच असे नाही. आम्ही ग्राहकांना पहिला प्रश्न हाच विचारतो: दोघांपैकी कुणी पहाटे उठते का, कुणी रात्री उशिरापर्यंत टीव्ही पाहते का? उत्तर 'हो' असेल तर दार लावता येईल अशी स्वतंत्र झोपण्याची खोली असलेलाच सूट घ्या. चार महिने हळू आवाजात वावरणे कुणालाच जमत नाही.

मोठ्या जहाजांवर सूटवाल्यांसाठी आता जहाजातच वेगळे जहाज केलेले असते. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीच्या जहाजांवर त्याला 'हेवन' म्हणतात, एमएससीवर 'यॉट क्लब', सेलिब्रिटीवर 'रिट्रीट'. कार्ड लावल्याशिवाय तिथे जाता येत नाही, पोहण्याचा तलाव आणि जेवणघरही वेगळे. क्युनार्डच्या 'क्वीन मेरी २' वर 'क्वीन्स ग्रिल' आणि 'प्रिन्सेस ग्रिल' अशा दोन श्रेणी आहेत, आणि जेवणाची खोली श्रेणीप्रमाणे ठरते. रीजेंट, सिल्व्हरसी, सीबोर्न यांची जहाजे लहान असतात. तिथे जवळजवळ सगळ्याच खोल्या सूट असल्याने असा भेद जाणवत नाही, टिपही भाड्यातच धरलेली असते. वर्दळ, नाटके, मोठी दुकाने आवडत असतील तर पहिला प्रकार घ्या. शांतता आणि ओळखीचे चेहरे हवे असतील तर दुसरा. लांबच्या सफरीसाठी आमचा कल दुसऱ्याकडे आहे.

खोली जहाजात कुठे आहे

डेकचा, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा, नकाशा समोर घेऊन बसल्याशिवाय आम्ही कुणाचेही बुकिंग करत नाही. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या बाजूच्या डेकवर हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. नाकाकडे आणि अगदी वर ते वाढतात. जहाजाच्या पोटातून बाजूला निघणारे स्टॅबिलायझरचे पंख डावी-उजवी डुलणी बरीच आवरतात, पण पुढून लाटा आल्या की नाक वर-खाली होते ते त्यांना थांबवता येत नाही. आणि गंमत अशी की महागडे सूट बऱ्याचदा नेमके नाकावर आणि वरच्या डेकवरच असतात. ज्यांना एसटीतही मळमळते त्यांनी तिथला आलिशान सूट सोडून मधला साधा सूट घ्यावा.

मागच्या टोकाचे सूट देखणे असतात. मोठी बाल्कनी, मागे फेसाळत जाणारा पाण्याचा पट्टा. पण तिथे इंजिनाची थरथर लागू शकते आणि लिफ्टपर्यंत लांब चालावे लागते. गुडघ्यांचा विचार करून ठरवा. तलावाच्या डेकच्या बरोबर खाली खोली असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचे आवाज येतात. नाट्यगृहाच्या किंवा नाचाच्या हॉलच्या वर असेल तर रात्री ढोल. वर आणि खाली दोन्हीकडे प्रवाशांच्याच खोल्या असणे सर्वांत बरे. 'गॅरंटी' नावाने स्वस्त मिळणारी खोली लांबच्या सफरीला घेऊ नका, कारण त्यात खोली क्रमांक कंपनी नंतर ठरवते.

पश्चिमेकडे जाणारी सफर निवडा

हे कुणी फारसे सांगत नाही. जहाज पश्चिमेकडे जाते तेव्हा घड्याळ मागे होते, म्हणजे बऱ्याच रात्री एक तास जास्त झोप मिळते. पूर्वेकडे जाताना तोच तास पुन्हा पुन्हा हातचा जातो, आणि पॅसिफिक ओलांडताना हे लागोपाठ होते. साठीच्या पुढच्यांना हा फरक चांगलाच जाणवतो. जगप्रदक्षिणा करणारी बरीच जहाजे पश्चिमेकडेच जातात, तरी वेळापत्रक पाहून खात्री करा.

पश्चिमेकडे जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषेवर एक तारीख गळते. ती तारीख संकष्टीची निघाली तर उपास कधी, असे आम्हाला बरेच जण विचारतात. तिथी ठरते ती चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतरावरून. त्यामुळे तारीख गळाली तरी तिथी गळत नाही. जहाज जिथे असेल तिथला चंद्रोदय धरावा.

व्हिसा: इथेच सफर अडते

भारतीय पासपोर्टवर लांबची सफर ठरवताना पैशापेक्षा व्हिसाच जास्त अडवतो. जहाज ज्या देशाच्या बंदराला लागते तिथला व्हिसा लागत असेल तर, तुम्ही उतरणार नसलात तरी, तो बहुधा दाखवावाच लागतो. तो नसला तर कंपनी जहाजावर चढूच देत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत.

मुख्य अडचण मुदतींची आहे. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा तिथे पोचायच्या तारखेच्या सहा महिन्यांहून आधी मागता येत नाही. ब्रिटनसाठी तर मुदत तीनच महिन्यांची. समजा जहाज जानेवारीच्या सुरुवातीला फ्लोरिडातून निघाले आणि एप्रिलअखेरीस युरोपला पोचणार असेल. मग शेंगेनचा अर्ज ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर एवढ्याच फटीत बसवावा लागतो, आणि ब्रिटनच्या अर्जाची वेळ येईल तेव्हा तुम्ही समुद्रावर असाल. बोटांचे ठसे द्यायला स्वतः व्हिसा केंद्रात जावे लागत असल्याने जहाजावरून अर्ज पुरा करता येत नाही. ब्रिटनचा दीर्घ मुदतीचा व्हिसा आधीपासून हाताशी असेल तर हा गुंता सुटतो. नसेल तर ब्रिटनच्या आधीच्या बंदरात उतरून विमानाने परत यायचे आम्ही सुचवतो.

अमेरिकेचा व्हिसा सर्वांत आधी घ्या. तो बहुधा दहा वर्षांचा मिळतो, पण मुलाखतीची तारीख मिळायला फार वेळ लागू शकतो. शेंगेन मागताना एकाहून अधिक प्रवेशांचाच मागा. भूमध्य समुद्रात जहाज ग्रीसहून तुर्कस्तानला जाऊन पुन्हा इटलीत येते तेव्हा एका प्रवेशाचा व्हिसा संपलेला असतो. एकशेऐंशी दिवसांत नव्वद दिवसांची मर्यादाही ध्यानात ठेवा. आधी मुलीकडे जर्मनीत दोन महिने राहून मग जहाज पकडणाऱ्यांना ती आड येते.

मार्ग बदलला की व्हिसाही बदलतात. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक कंपन्यांनी सुएझची वाट सोडून जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून नेली. सुएझऐवजी दक्षिण आफ्रिका आली म्हणजे तिथला व्हिसा आला. केनिया किंवा ब्राझील आले तर पीतज्वराची लस आली. ही लस सरकारमान्य केंद्रातच, पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. एकदा घेतली की दाखला आयुष्यभर चालतो. साठीच्या पुढच्यांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. सफर संपल्यानंतरही किमान सहा महिने चालेल असा पासपोर्ट हवा, आणि त्यात भरपूर कोरी पाने हवीत.

जेवण आणि देव

शाकाहारी जेवणाची आता चिंता नाही. जैन जेवणही बहुतेक मोठ्या कंपन्या देतात, पण महिना-दोन महिने आधी कळवावे लागते. ते काम आमचे. सूटमधला बटलर हाताशी असेल तर पहिल्याच दिवशी त्याला नीट समजावून सांगा: अंडे चालते का, कांदा-लसूण चालतो का, वरणभात कसा लागतो. मुख्य आचाऱ्याला भेटायची इच्छा सांगितली तर बहुधा भेट घडते, आणि भारतीय आचारी असेल तर तो आपुलकीने करून देतो.

मेतकूट, लिंबाचे लोणचे, चिवडा कारखान्यात सीलबंद केलेले न्या. मात्र ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या बंदरात यातले काहीही जहाजाबाहेर नेऊ नका. पर्समधले विसरलेले फळही तिथे चालत नाही. न्यूझीलंडमध्ये अशा चुकीला जागच्या जागी चारशे डॉलरचा दंड आहे.

खोलीत निरांजन, उदबत्ती, कापूर यांना सक्त मनाई असते. जहाजावर आगीची भीती सर्वांत मोठी, म्हणून यात सवलत मागूही नका. देवाजवळ बॅटरीवरचा दिवा ठेवा. इस्त्री आणि राइस कुकरही सामानातून काढून घेतात.

कपड्यांची काळजी नको. औपचारिक रात्रीला पैठणी किंवा बंदगळा बहुतेक जहाजांवर आनंदाने चालतो. सूटवाल्यांना धुलाई पुष्कळदा मोफत असते, त्यामुळे पंधरवड्याचे कपडे पुरतात.

तब्येत आणि विमा

जहाजावर डॉक्टर असतो, छोटासा दवाखाना असतो, आणि त्याचे बिल डॉलरमध्ये खोलीच्या खात्यावर चढते. आपला घरचा मेडिक्लेम बहुधा तिथे चालत नाही. प्रवासविमा असा हवा की त्यात क्रूझचा उल्लेख असेल आणि आजारी माणसाला जहाजावरून हलवण्याचा खर्च भरला जाईल, कारण खरा मोठा खर्च तोच. साठीनंतरच्या अनेक पॉलिसींमध्ये आजारागणिक मर्यादा असतात, त्या वाचा. रक्तदाब, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी, जे असेल ते फॉर्मवर लिहा. लपवलेल्या आजाराचा दावा नामंजूर होतो.

औषधे पूर्ण सफरीची आणि वर पंधरा दिवसांची घ्या, चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असू द्या. ट्रॅमाडोल आणि कोडीन असलेल्या औषधांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक निर्बंध आहेत, जपानमध्ये सर्दीच्या काही गोळ्यांवरही. जहाजावर पसरणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसा पडत नाही, हात साबण-पाण्यानेच धुवा.

काही बंदरांत जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीतून किनाऱ्यावर जावे लागते. सँटोरिनीला तसे उतरल्यावरही वर गावात जायला केबल कार किंवा सुमारे पाचशे अठ्ठ्याऐंशी पायऱ्या आहेत. अशा बंदरांवर आम्ही वेळापत्रकात खूण करून देतो.

पैसे

जाहिरातीतले भाडे माणशी असते, तेही दोघे एका खोलीत राहतील असे धरून. एकट्याने सूट घेतला तर बऱ्याचदा दोघांचे पैसे पडतात. भाड्यात टिप, वायफाय, पेये, किनाऱ्यावरच्या सहली यांतले काय धरले आहे ते आम्ही लेखी देतो. सगळे मिळवून रात्रीचा दर काढला की स्वस्त दिसणारे जहाज पुष्कळदा महाग निघते. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकतानाच आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो. तो आयकर विवरणात वळता करून घेता येतो, म्हणून पावती जपून ठेवा. समुद्रावर मोबाइल विमान मोडवरच ठेवा. जहाजाच्या नेटवर्कवर आलेला साधा फोनही फार महाग पडतो.

पूर्ण प्रदक्षिणेआधी तिचा एखादा टप्पा करून पाहा. काही जहाजे वाटेत मुंबई आणि कोचीला थांबतात, तेव्हा विमानाशिवायही चढता येते. वीस-बावीस दिवसांत समुद्र मानवतो की नाही ते कळते.

भेटायला येताना

चालू आणि जुने पासपोर्ट, आधीचे व्हिसा, औषधांची चिठ्ठी आणा. पेन्शन घेणाऱ्यांची सफर नोव्हेंबरमध्ये येत असेल तर हयातीच्या दाखल्याचे कसे करायचे तेही त्याच बैठकीत ठरवू. आणि जाणाऱ्या दोघांनीही या. खोली एकाने पसंत करायची आणि दुसऱ्याने तिथे चार महिने राहायचे, असे बुकिंग आम्ही करत नाही. वेळ आधी फोनवर ठरवा, कारण डेकचे नकाशे पाहण्यातच दीड-दोन तास जातात.